तिसरा डाग

नथ्थू बिबेवाल्यानं मला एका डागाला फसवलं. तीन कबूल करून दोन दिले. आणि तोच खोटा माल मी खरा म्हणून डॉक्टर उमाळ्यांच्या हातात दिला. यात माझी बायको गेली आणि डॉक्टरांची नोकरी गेली. नथ्थू अजून दर रविवारी बिबा घालतो आहे. मी अजून गुरांचे सौदे करतो आहे. ज्यांनी या प्रकरणाचा निकाल दिला ते तिघे अजून त्याच खुर्च्यांवर बसतात.

मी गुरांचा दलाल. धामणगाव बढ्याकडच्या बाजारांत माझं नाव सांगितलं तर लोक आधी शिवी देतील आणि मग म्हणतील, पण बैल त्यालाच दाखवा. बापानं मला एक दावं आणि गुरांना औषध पाजायची एक शिंगी नळी एवढंच ठेवलं होतं. बाकी सगळं मी रुमालाखाली कमावलं. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, चारचौघांना कळत नाही. पंचवीस वर्षं बोटांवर जगलेला माणूस मी. म्हणून डॉक्टर उमाळ्यांची पहिली आठवण आहे ती त्यांच्या बोटांची.

तेव्हा रोगी मीच होतो. सात दिवस ताप उतरत नव्हता. बुलढाण्याला एका ट्रस्टचा दवाखाना आहे, नाव लिहीत नाही, तिथे मागच्या अंगाला तापाचा वॉर्ड होता. तिथे मला टाकलं. डॉक्टर आले, नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. चादरीखाली हात घातला आणि काखेपासून सुरुवात करून बोटं सावकाश खाली खाली चालवत नेली. बरगड्या, कंबर, जांघ, गुडघ्याची मागची बाजू. सगळा वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, हा माणूस माझा भाव करतो आहे. डाव्या गुडघ्यामागे बोट थांबलं.

"हे कधीचं हाये?"

"काय, साहेब?"

"कळलंच नाई तुमाले. दुखत नाई ना? म्हनूनच कळत नाई." त्यांनी सिस्टरला बोलावून दाखवलं. वाळलेली काळी खपली, विडीचा चटका बसावा तेवढी, भोवती लाल कड. गवतात एक किडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. तो चावतो तिथे हा डाग पडतो आणि आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. गोळ्या साध्या. दोन दिवसांत मी उठून बसलो आणि घरी कधी सोडता म्हणून घासाघीस करू लागलो.

"आठ दिवस कशाले, साहेब? चार दिवसांत सोडा."

"सोडतो ना. तापालेबी इचारून घ्या, तो चारवर राजी हाये का?"

ते असे. हसत नसत, पण वॉर्डातली चार माणसं हसत.

दिसायला अगदी कुणासारखेही. कचेरीतला कारकून म्हणून खपले असते. फक्त चाल हळू होती, इतकी की मागून येणारा माणूस अडखळे. वॉर्डात शिरण्याआधी चपला बाहेर काढत आणि दारात उभे राहत. मान खाली. तेवढ्यात सिस्टर सिंधूताई पंखे बंद करत. मग सोळा खाटांवरचे श्वास ऐकू येत. कुणाचा घरघरता, कुणाचा दाताआडून शिटीसारखा, कुणाचा मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. आपला श्वास त्यात कुठला हे पडल्यापडल्या शोधावंसं वाटे, आणि तो सापडत नसे. मिनिटभरानं डॉक्टर आत येत आणि सरळ एका खाटेकडे जात. वरून तो रोगी बरा दिसत असला तरी त्याच्याकडेच. ज्या खाटेकडे ते आधी जात, तिथलं दुखणं बहुतेक वेळा जड निघे. सगळ्या नातेवाइकांना हे ठाऊक झालं होतं. डॉक्टर दारात उभे राहिले की बाया पदर तोंडात धरून पुटपुटत, 'इकडं नको येऊ रे बाबा, इकडं नको.' एका म्हातारीनं तर एकदा खाटेपुढे स्टूल आडवं घातलं. डॉक्टरांनी स्टूल उचललं, त्यावर बसले आणि तिच्याच नवऱ्याला तपासलं.

ताप कधी आला, किती आला, हे ते विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच. "कुठी बसला होता?"

"ताप आल्यावरचं नोको सांगू. आधीचे पंधरा दिवस सांग. रोज कुठी बसला होता?"

साधा प्रश्न आहे, पण माणूस गडबडतो. बसण्याच्या जागा चारचौघांत सांगण्यासारख्या नसतात. माझ्या शेजारच्या खाटेवर एक कारकून होता. बायको उशाशी. तो म्हणाला, मी कचेरीतच बसतो. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, जरा चहा सांगून येता का?" वहिनी गेल्या तसा कारकून हळूच म्हणाला, ज्वारीच्या वावरात, दोनदा. कुणाबरोबर ते सांगितलं नाही.

"तिलेबी घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

"कोनाले, साहेब?"

"ते तुमालेच मालूम. तिलेबी ताप येईन."

कारकून म्हणाला, "तिले कालपासूनच हाये." मग दोघंही बरी झाली. वहिनींना काय कळलं ते मला माहीत नाही. पण निघताना त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि नवऱ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर रोग्यांना नावानं ओळखत नसत, जागेनं ओळखत. 'नाल्याकाठची', 'गोठ्यामागचा', 'बाभळीखालची'. सिंधूताई रजिस्टरात नाव लिहीत, तोंडानं मात्र त्याही तेच म्हणत. "साहेब, बाभळीखालची गेली." हे ऐकलं की मला वाटे, बाई अजून बाभळीखाली बसलेली आहे, इथून फक्त उठून गेली.

आता पाट्यांचं सांगतो. आमच्या गावाला डॉक्टरांची भीती बसली ती पाट्यांमुळे.

पाऊस ओसरला, गवत गुडघ्याला लागलं की ते मोटरसायकलवरून गावोगाव फिरत. पिशवीत शाळेतल्या दगडी पाट्या, लाकडी चौकटीच्या. बांधावर, उकिरड्यामागे, बाया परसाकडे जातात तिथे, एकेक पाटी गवतात आडवी ठेवत आणि दूर जाऊन उभे राहत. भर दुपारी, उन्हात, कुणाशी न बोलता. अर्ध्या तासानं पाटीवर वाकत, खिशातलं भिंग लावत, बराच वेळ पाहत आणि पाटी उचलून पुढे जात. काळ्या दगडावर तो किडा चढतो आणि लाल ठिपक्यासारखा दिसतो, एवढंच ते होतं. पण गावाला दिसत होतं ते असं: एक माणूस येतो, कोरी पाटी ठेवतो, वाट पाहतो, आणि आठ दिवसांनी त्याच गल्लीत ताप येतो. गल्ली ते आधीच्या तापावरून निवडत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाया म्हणू लागल्या, "तो कोरी पाटी ठेवते. नाव मंग उमटते."

गावात एक टारगट होता. त्याचं शेजारच्या शंकरशी कुंपणावरून भांडण. त्यानं मजा म्हणून पाटीवर खडूनं 'शंकर' लिहून ठेवलं. डॉक्टर आले, वाकले, वाचलं. बाहीनं नाव पुसलं नाही. पाटी तशीच हातात धरली आणि पारावर येऊन विचारलं, "हा शंकर कुठी राह्यते?" मी तिथेच होतो. शेवटी एका पोरीनं बोट दाखवलं. डॉक्टर शंकरच्या दारात गेले. शंकर धडधाकट, दाढी करत बसलेला. हातातल्या पाटीवर आपलं नाव पाहून त्याचा वस्तरा खाली पडला.

"घरात कोनाले ताप हाये?"

"कोनालेच नाई, साहेब."

डॉक्टर उंबऱ्यात उभे राहिले. मान खाली. वॉर्डाच्या दारात उभे राहत तसेच. मग चपला काढून आत गेले. मागच्या खोलीत, कोठीच्या आडोशाला, शंकरची आई सहा दिवसांपासून तापानं पडलेली होती. दवाखान्यात नेतील आणि तिथेच मरू देतील या भीतीनं तीच पोराला म्हणाली होती, कुणाला सांगू नको. डॉक्टरांनी तिला नेलं. म्हातारी वाचली, अजून आहे, अजून भांडते. पण गावानं ती वाचली हे लक्षात ठेवलं नाही. पाटीवर नाव होतं आणि त्या घरात ताप निघाला, हे ठेवलं.

पुढच्या खेपेला कुणीतरी त्यांच्या मोटरसायकलवर लिंबू-मिरची उतरवून ठेवली. डॉक्टरांनी लिंबू खिशात घातलं आणि दवाखान्यात जाऊन डब्यातल्या वरणात पिळलं. सिंधूताई ओरडल्या, "साहेब, उतारा हाये तो!"

"मिरची तिखट नव्हती, तिथीच सोडली," म्हणाले आणि जेवले. हे सिंधूताईंनीच मला सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या, पण त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांच्या डब्याजवळ बसणं सोडलं, हेही त्यांनीच सांगितलं.

माझी बायको गोदा. तिचा या सगळ्यावर पक्का विश्वास. मी त्यांच्याच गोळ्यांनी बरा झालो हे मी तिला दहादा सांगितलं. ती म्हणे, "तुमाले बरं केलं, कारन तुमचं नाव उमटलं नव्हतं." त्या वर्षी डॉक्टरांनी आमच्या शेताच्या बांधावर पाटी ठेवली. गोदानं ते लांबून पाहिलं. बाराव्या दिवशी तिला ताप आला.

"त्याच्या हातचं औषध मी घेनार नाई. त्यानंच ठेवली."

"बावळट हायेस का तू? मी नाई का वाचलो?"

"तुमी जा त्याच्याकडं. मले नथ्थूकडं न्या."

मी तापट आहे, पण घरात माझं चालत नाही. नथ्थू बिबेवाला चार कोसांवर. त्याची रीत अशी: बिब्यात सुई खुपसायची, ती दिव्यावर धरायची, काळं तेल सुटलं की अंगावर टेकवायची. पोटात डाव्या अंगाला पानथरी वाढली म्हणून ताप येतो, तिथे डाग दिला की पानथरी जिरते, असं तो सांगतो. डाग काळा गोल पडतो. वर राख आणि हळद. रविवारी सूर्य उगवायच्या सुमाराला त्याच्या झोपडीपुढे पंधरा-वीस माणसं असतात.

"पानथरीले दोन बसतात," नथ्थू म्हणाला.

"दोन नाई, तीन," मी म्हणालो. "येवढ्या दूर आलो तं तीन दे."

"तिसऱ्याची गरज नाई, शेठ."

"तुले काय जड जाते बे? तीन."

"बरं, तीन," तो म्हणाला आणि गोदाला आत घेऊन गेला. आत त्याची म्हातारी आई. बाहेरच्या पुरुषांनी आत जायचं नाही. मी बाहेर उभा राहिलो. तेवढ्यात एका बैलजोडीचा फोन आला. गोदा आतून ओरडलेली मी ऐकली. किती वेळा, ते मोजलं नाही. ती बाहेर आली, कमरेवर राख फासलेली, घामानं चिंब. गाडीत बसताना म्हणाली, "झालं." मी विचारलं नाही काय झालं, आणि तिनंही पुढे सांगितलं नाही.

ताप उतरला नाही. नवव्या दिवशी तिला दम लागला. तेव्हा ती काही बोलायच्या स्थितीत नव्हती, म्हणून मी तिला उचलून उमाळ्यांकडे नेलं.

वॉर्ड भरलेला होता. खाली गाद्या टाकलेल्या. निम्म्यांना डेंगू, निम्म्यांना गवतातला. दोन्हीकडे ताप तोच, रक्तातल्या पेशी तशाच पडतात. तपासणीचा कागद बाहेरगावाहून तीन दिवसांनी येणार. गोळी दिली तर गोदाच्या पोटात टिकेना, उलटून पडे. अशांसाठी इंजेक्शन होतं, पण त्या दिवशी ते दोघांपुरतंच शिल्लक होतं, आणि त्यातलं एक सकाळीच गेलं होतं. उरलेलं कुणाला द्यायचं हे डॉक्टर एकाच गोष्टीवरून ठरवत होते. डाग आहे की नाही.

त्यांनी सिंधूताईंना पदर बाजूला करायला सांगितलं. कमरेवर, साडीची गाठ येते तिथे, राखेखाली तीन काळे डाग होते.

"हे काय?"

"बिबा घातला, साहेब."

त्यांनी मान वर केली. रागावतील असं मला वाटलं. रागावले नाहीत. "किती घातले?"

"तीन."

"पक्कं?"

"पक्कं. मीच सांगून तीन घेतले."

"तू आत होता?"

पहिल्यांदा ते मला तू म्हणाले. सगळा वॉर्ड ऐकत होता. बायकोला भोंदूकडे नेली आणि स्वतः बाहेर फोनवर बोलत उभा होतो, असं मला म्हणायचं नव्हतं. ज्या बैलाचं तोंड मी स्वतः उघडून पाहिलं नाही त्याचे दात मी जन्मात कुणाला सांगितले नाहीत.

"हाव," मी म्हणालो. "आतच होतो."

तीन बिब्याचे, म्हणजे किड्याचा एकही नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. सुलतानपूरचा एक म्हातारा होता, त्याच्या काखेत डाग सापडला. इंजेक्शन त्याला गेलं. गोदाला सलाईन आणि ऑक्सिजन.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर दारात उभे राहिले. पंखे थांबले. मी गोदाच्या उशाशी होतो. त्यांनी मान वर केली आणि सरळ आमच्याकडे चालत आले, त्यांच्या त्या चालीनं. इतका वेळ लागला त्यांना पोचायला. मी मनात म्हणत होतो, इकडं नको, इकडं नको.

त्यांनी ओला कापूस घेऊन राख पुसली. एका डागावर बोट दाबलं. गोदा बेशुद्धीत कण्हली, "आई." दुसऱ्यावर दाबलं. "आई गं." तिसऱ्यावर दाबलं. ती काही बोलली नाही. पुन्हा दाबलं, जोरानं. काही नाही. दोन डाग फोड येऊन ओलावलेले होते. तिसरा कोरडा, काळा, भोवती बारीक लाल कड.

"भाऊ, बिबे दोनच हायेत."

"तीन हायेत. माह्या डोळ्यांनी पाह्यले मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर उतरवली नाही. भाव एकदा बोललो की मी खाली येत नाही, बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी स्वतः फोन लावले, माणूस पाठवला, संध्याकाळी दुसऱ्या गावाहून इंजेक्शन आणलं. गोदा त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला गेली. मी डॉक्टरांची कॉलर धरली. त्या म्हाताऱ्याला औषध दिलं आणि माझ्या बायकोला मारलंस, असं ओरडलो. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. एवढंच म्हणाले, "कालच दाबून पाहाले पाहिजे होतं मी." त्याच दिवशी मी ट्रस्टकडे लेखी अर्ज दिला.

तेराव्यानंतरची गोष्ट. मी शेताकडे निघालो होतो, उन्हाची वेळ. गोदा दुपारी बांधावरच्या बोरीखाली बसायची. डावा गुडघा उभा, उजवा पाय लांब, आणि हाताला चाळा गवत खुडण्याचा. वाटेवरून मी पाहिलं, बोरीखाली कुणीतरी बसलं होतं. डावा गुडघा उभा. उजवा पाय लांब. हात गवतात. अगदी तसंच. मी हाक मारली, काय मारली ते आठवत नाही.

त्यानं मान वळवली. डॉक्टर होते. पॅन्ट मोज्यांत खोचलेली. भोवती गवतात पाच पाट्या.

"इथीच बसत होती ना?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई. गवत दबलेलं हाये." त्यांनी आपल्या डाव्या बाजूला हात फिरवला. तिथलं गवत खुडलेलं होतं, खुंट वाळलेले. उजवीकडे तसंच उभं. "डावखुरी होती का?"

गोदा डावखुरी होती. लग्नात वाढताना सासूनं हात धरून उजवा केला होता, पण एकटी असली की डावाच चाले. हे घरच्यांना सोडून कुणाला माहीत नव्हतं.

त्यांनी एक पाटी उचलून माझ्यापुढे धरली आणि भिंग दिलं. काळ्या दगडावर लाल ठिपके पळत होते. राजगिऱ्याहून बारीक. ते पाटीच्या ज्या कडेला माझं तोंड होतं त्या कडेला जमू लागले.

"आपला श्वास लागते त्याइले," डॉक्टर म्हणाले. "माणूस बसला का ते येतात. ही इथी रोज बसे, ते रोज येत असन." मग उठले, पाट्या गोळा केल्या. "हे गवत कापा. खाली कोनाले बसू देऊ नोका. अंथरून बसा."

माझा अर्ज त्यांना कळलेला होता. त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मोटरसायकल गेली तरी मी बोरीजवळ गेलो नाही. तिथे दोघांच्या बसण्याचं गवत दबलेलं होतं.

तसाच नथ्थूकडे गेलो. त्याची गचांडी धरली.

"दोनच दिले, शेठ," तो म्हणाला. "तिसऱ्याच्या टायमाले बाई नाई नाई करू लागली. सोडून देली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी फोनवर होते. अन् खुश होऊन चालले होते. खुश गिऱ्हाईकाले कोन सांगते?"

मी त्याला मारलं. चार माणसांनी सोडवलं. त्यानं पोलिसात तक्रार दिली नाही, कारण तोही व्यवहारी माणूस आहे. पण त्याला मारून मला काय मिळणार होतं? तो म्हणाला ते मला वॉर्डातच कळलं होतं, डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बोट दाबलं तेव्हा.

ट्रस्टनं चौकशी बसवली. तीन सभासद. चौकशीच्या दिवशी मी सकाळी अकराला तिथे हजर होतो. शिपायानं नाव विचारलं, मी सांगितलं, त्यानं चिठ्ठी आत नेली. मी बाकावर बसलो. आधी सिंधूताई आत गेल्या, रडत बाहेर आल्या आणि माझ्याकडे न पाहता गेल्या. मग डॉक्टर आत गेले. फार वेळ लागला नाही. त्यांनी एक कागद लिहून दिला होता, तो मी नंतर शिपायाकडून पाहिला. 'डाग मला वेळेवर ओळखता आला नाही. जबाबदारी माझी आहे.' दोन ओळी. माझं नाव नाही, बिब्याचं नाव नाही, मी काय सांगितलं ते नाही. त्यांना महिनाअखेरीस मोकळं केलं.

शेवटचे दिसले ते बुलढाण्याच्या स्टँडवर. मी एका गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो. समोर बस लागलेली, आणि खिडकीला डोकं टेकून डॉक्टर झोपलेले. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, खालच्या ओठावर माशी बसलेली. एरवी हा माणूस पाहत असला की आपण काहीतरी लपवतो आहोत असं वाटे. आता तो काहीच पाहत नव्हता. काचेवर हात मारला असता तर जागे झाले असते. मी खिडकीपासून एका हातावर उभा होतो. ड्रायव्हर चढला, बस हलली, त्यांचं डोकं गजावर आपटलं, तरी ते उठले नाहीत. बस वळणाआड जाईपर्यंत मी उभा राहिलो.

आता त्या वॉर्डात नवे डॉक्टर आहेत. चांगले आहेत, कागद पाहतात. कागद तीन दिवसांनी येतो. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या शेजारच्या गल्लीतल्या दोन बाया तापानं गेल्या. कुणी त्यांचा पदर बाजूला करून पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही कुठी बसल्या होत्या. गाव म्हणतं, पाट्यावाला गेला तरी नावं उमटतातच.

म्हणून हे त्या तिघांसाठी लिहितो. तुम्हाला तो वॉर्ड नकोच होता, असं लोक बोलतात. तापकऱ्यांची गर्दी, गाद्या, वास. मला त्यातलं ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते मी सांगतो. अर्ज माझा होता. अर्जदाराला आत बोलावून विचारणं ही गावपंचायतीचीसुद्धा रीत आहे. चिठ्ठीवर माझं नाव तुमच्या टेबलावर होतं. तुमच्यातल्या एकानं मधे दार उघडलं, बाकावर बसलेल्या मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं. दीड वाजता तुम्ही तिघे माझ्यासमोरून जेवायला गेलात.

मी त्या दिवशी खरं बोललो असतोच, असं मी म्हणत नाही. कदाचित तीनच सांगितले असते. पण विचारणं तुमचं काम होतं. तुम्ही एका माणसाचा जन्म दोन ओळींवर मोडलात आणि तो ज्याच्या शब्दावर चुकला तो माणूस दाराबाहेर बसलेला होता. आता तिघांनी आपापल्या नावानं, लेखी, सांगा: मला आत का बोलावलं नाही?